कीटक मारणारा सूत्रकृमी : भक्षक, नाशक की रोगकारक?

शाळेच्या भित्तिपत्रिकेसाठी टिपण लिहितेय. जंगलातल्या मातीत किडे मारणारा नवा सूत्रकृमी (धाग्यासारखा बारीक कृमी) कसा शोधतात, हा विषय. दोन ठिकाणी अडले. 'कीटकभक्षक सूत्रकृमी' चालेल का? आणि 'नवी प्रजाती' की 'नवी जाती'?

— 'भक्षक' नको, ताई. वाचणाऱ्याला वाटेल, हा किड्याचे लचके तोडतो. प्रत्यक्षात त्याची पिल्लं तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून किड्याच्या आत शिरतात आणि आपल्या आतड्यातले जिवाणू तिथे सोडतात. किडा एक-दोन दिवसांत मरतो, तो मुख्यतः या जिवाणूंमुळे. मग त्या जिवाणूंवर आणि त्यांनी सडवलेल्या ऊतींवर सूत्रकृमीची पिढी वाढते. 'नाशक' म्हटलं तर फवाऱ्याचं औषध आठवतं. नेमका शब्द 'कीटकरोगकारक'.

— शब्द बरोबर असेल, पण आमच्या डाळिंबाच्या पट्ट्यात सूत्रकृमी म्हणजे मुळांवरच्या गाठी. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी सूत्रकृमी आणूया म्हणालो, तर वडील म्हणाले, "पैसे मोजून रोग आणतोस?" त्यात 'रोगकारक' जोडलंत तर संपलंच. 'मित्र सूत्रकृमी' लिहा.

— दादा, मित्र तर गांडूळही. काय करतो ते कळायला हवं. आणि 'सूत्र' सोडू नका, फार सुंदर जुळलंय ते. ग्रीक 'नेमा' म्हणजे धागाच. गोटहोल्ड स्टाइनर यांनी १९२३ साली असा एक कृमी वर्णिला, स्प्रूसच्या झाडांवर जगणाऱ्या किड्यातला. १९२७ साली त्याच्यासाठी 'स्टाइनरनेमा' हे नाव आलं, म्हणजे स्टाइनरचा धागा!

जाती-प्रजातीचं : मराठी विश्वकोशात प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटातली. वर्तमानपत्रं सरसकट 'नवी प्रजाती' छापतात, त्यामुळे घोळ होतो. 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' हा असाच किडे मारणारा सूत्रकृमी घ्या. १९९२ साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन झालं. हेटेरोऱ्हॅब्डायटिस ही प्रजाती आधीच माहीत होती. नवी होती ती इंडिका ही जाती. तुमच्या टिपणात 'नवी जाती'च हवं.

— 'शोधतात' याबद्दलही एक ओळ घाला. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा जीव मातीत बघून सापडत नाही. जंगलातली माती डब्यात भरून त्यात मेणकिड्याच्या अळ्या ठेवतात, मधमाश्यांची पोळी पोखरणाऱ्या. अळीच आमिष. मेलेली अळी विटकरी लाल झाली तर हेटेरोऱ्हॅब्डायटिसचा संशय, पिवळट-तपकिरी झाली तर स्टाइनरनेमाचा. जाती नवी आहे का, हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापं घेऊन आणि डीएनए ताडून ठरतं.

— सगळ्यांचे आभार. शीर्षकात 'कीटकरोगकारक सूत्रकृमीची नवी जाती' आणि खाली लगेच 'किड्यांना रोग लावणारा, पिकाच्या मुळांना न शिवणारा' असं लिहिते.

— हे पटलं. 'हुमणीला रोग लावणारा' असंच सांगतो घरी.