विमा कंपनीच्या पॅनलवरच्या ऑफिसात जावं का? (सांगली)

नवी_सनद

वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली. सांगलीत एका सीनिअरकडे आहे. वाटणीचे दावे, ताबा, मनाई हुकूम. आता विमा कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे कंपनीच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांच्या यादीत, असलेल्या एका ऑफिसातून बोलावणं आलंय. मित्र म्हणतात, तिथे तीच ती कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) नावं बदलून टाइप करायची, कमर्शियल काम शिकायचं तर मुंबई गाठ.

माझी अडचण वेगळीच आहे. 2019 च्या महापुरात गणपती पेठेतलं आमचं हार्डवेअरचं दुकान बुडालं. पप्पांनी 18 लाखांचा क्लेम टाकला, हातात आले 7 लाख 61 हजार. का, ते कुणी नीट सांगितलं नाही. पप्पांनी सही करून विषय सोडला. उद्या मीच कंपनीच्या बाजूने उभी राहिले तर घरी कोणत्या तोंडानं जेवायला बसू? या कामात असलेल्यांनी खरं सांगा.

गोदामवाला

मी विम्याचा सर्व्हेअर, नुकसान मोजणारा, वकील नव्हे. पॅनलवर जायचं तर खुशाल जा, फक्त माल बघायला गोदामात येत जा. वीस वर्षांत चिखलात पाय घातलेले वकील मी दोनच पाहिले.

कृष्णाकाठ

त्यातली एक मी असेन, गोदामवाले.

नवी सनद, तुला अगंतुगं करते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी नऊ वर्षं कंपनीच्या पॅनलवर होते, नंतर व्यापाऱ्यांच्या बाजूने उभी राहायला लागले. पॅनलची फी थोडी आणि तीही उशिरा, हे आधीच सांगते. पण तिथल्यासारखी पॉलिसी वाचायची सवय दुसरीकडे लागत नाही.

माझी पहिली मोठी केस हळदीची. हरिपूरला हळद पेवात ठेवायचे, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, वरून तोंड बंद करून. 2005 च्या महापुरात ती पेवं गेली. आमच्या अशिलाने, म्हणजे कंपनीने, दिलेली पॉलिसी होती ‘गोदामातील मालाची’. मग पेव म्हणजे गोदाम का? गोदामाला भिंती लागतात, दार लागतं, असा युक्तिवाद मीच लिहून सीनिअरांच्या हातात दिला आणि मोठी खूश होते. ग्राहक मंचाने (आताचा ग्राहक आयोग) विचारलं, हळद पेवात असते हे पॉलिसी देताना कंपनीला माहीत नव्हतं का? शब्द कंपनीने लिहिला, तो संदिग्ध असेल तर अर्थ तिच्या विरुद्ध लावायचा. हरलो. मला आजही वाटतं, हरायलाच हवं होतं.

कैफियत टाइप करण्याबद्दल. ग्राहक आयोगात लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस, वर फार तर 15. पूर्वी उशीर माफ व्हायचा, पण 4 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी दार लावून घेतलं: 45 म्हणजे 45. त्यानंतर एकदा कंपनीकडून फाइल माझ्याकडे आली एकोणचाळिसाव्या दिवशी. पॉलिसी एका ऑफिसात, सर्व्हे रिपोर्ट दुसऱ्यात, फोटो सर्व्हेअरच्या मोबाइलमध्ये. त्या सहा दिवसांत जे शिकले ते वाटणीच्या दाव्यात सहा वर्षांत शिकले नसते.

आणि क्लेम नाकारल्याचं पत्र आधी वाचायचं. त्यात नसलेलं कारण कंपनीला नंतर कोर्टात पुढे आणता येत नाही.

आता पप्पांचं. अंदाज सांगते, बरोबर की चूक ते तू तपास. समज, दुकानात माल 40 लाखांचा आणि पॉलिसी 20 लाखांची. म्हणजे निम्म्याच मालाचा विमा, उरलेल्या निम्म्याची जोखीम तुमची. 18 लाखांतून भिजलेला माल विकून येतील ते, समज 2 लाख, वजा. राहिले 16, त्याचे निम्मे 8. त्यातून पुराच्या क्लेमवरची पाच टक्के कपात. 7 लाख 60 हजार. तुझा आकडा बघ.

फोर्टकर

मुंबईला या म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की माझी इथली पहिली दोन वर्षं कंपायलेशनला, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्याला, पानांचे नंबर घालण्यात गेली. मरीन कार्गो (जहाजी मालाचा विमा), रीइन्शुरन्स (विमा कंपन्यांनी घेतलेला विमा) ही कामं इथेच जास्त, हे खरं. पण 3 लाखांच्या वरचा विम्याचा वाद कमर्शियल कोर्टात जातो आणि ते जिल्ह्यातही चालतं. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, आणि 120 दिवसांत कैफियत नाही तर हक्क गेला. हायकोर्टासाठी आता तुम्हाला मुंबईची रात्रीची गाडीही पकडायला नको, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय.

ग्राहक आयोगाकडेही लक्ष ठेवा. 2019 च्या कायद्यात अधिकारक्षेत्र क्लेमवर नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरतं. त्यामुळे कोटीचा क्लेमसुद्धा जिल्हा आयोगात येतो. ती कामं तुमच्या दाराशी आहेत.

नवी_सनद

पप्पांची फाइल काढली. पॉलिसी 20 लाखांचीच. बँकेला कॅश क्रेडिटसाठी दिलेलं जुलै 2019 चं स्टॉक स्टेटमेंट 38 लाख 70 हजारांचं. भिजलेल्या मालाचे अडीच लाख धरलेत. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं, 7 लाख 61 हजारच येतात. मॅडम, आता काही करता येईल का?

कृष्णाकाठ

नाही गं. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, कोविडचा काळ वगळूनसुद्धा ती कधीच संपली. ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे आता आणखी काही मागणं नाही या कागदावर, सही केली म्हणून वाट कायमची बंद होत नाही, पण सही दबावाखाली घेतली हे पुराव्याने दाखवावं लागतं. आणि इथे दाखवायचं तरी काय? हिशोब बरोबर आहे. चूक एवढीच, की तो कुणी तुमच्यासमोर मांडला नाही. कंपनीच्या त्या माणसाने एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर सहा वर्षं तुम्ही राग धरला नसता.

नवी_सनद

पप्पांना दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वीस लाख मीच लिहायला सांगितले होते, हप्ता कमी बसावा म्हणून. एजंट नको म्हणत होता.’

सोमवारी त्या ऑफिसात भेटायला जातेय.

कृष्णाकाठ

जा. आणि त्याआधी यंदाची दुकानाची पॉलिसी किती लाखांची काढलीय ते बघ.