कडवटपणा पालकाचा नव्हे, अननसाचा

दही, ताजा अननस आणि पालक घातलेले पास्ता सॅलड कडू झाल्याचा दोष कुणी पालकाला दिला, तर तो मला पटत नाही. पालक फार तर तुरट लागेल, पण तासागणिक वाढत जाणारा कडवटपणा हे दह्यात पडलेल्या ताज्या अननसाचे काम आहे. अननसातील ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दह्यातील प्रथिने तोडते आणि त्यातूनच ती कडू चव येते. गेल्या संक्रांतीला नेरूळच्या आमच्या सोसायटीतील हळदीकुंकवासाठी मी वाशीच्या फळबाजारातून आणलेला अननस सकाळीच दह्यात कालवून ठेवला होता, आणि संध्याकाळपर्यंत पातेल्याच्या कडेला पाणी सुटून सॅलड इतके कडू झाले की कुणालाही न वाढता ते घरी परत आणावे लागले.

आता मी फोडी चार-पाच मिनिटे उकळत्या पाण्यात शिजवून, पूर्ण गार झाल्यावरच मिसळते. उष्णतेने हे विकर निष्प्रभ होते, म्हणूनच डबाबंद अननस हा त्रास देत नाही. द्राक्षे, डाळिंब, सफरचंद यांना ही खटपट लागत नाही. किवी मात्र दह्यापासून दूरच ठेवावी. पालकाची पाने वाढायच्या वेळी हातानेच तोडून घालावीत, कारण आधी घातल्यास ती मिठाने मलूल होतात.