मायक्रोवेव्हवरून फायबरवर: क्वांटम सिग्नलचं अडतंय कुठे?

प्रश्न
दूरसंचार खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी साताऱ्याकडच्या डोंगरावर, मायक्रोवेव्ह टॉवरपाशी. पुढे फायबर आलं. टॉवरवरून उतरलेला सिग्नल डिमॉड्युलेट करायचा (त्यातली माहिती वेगळी काढायची), टू एमबी म्हणजे २ मेगाबिटचे प्रवाह काढायचे आणि ऑप्टिकल मक्सला, म्हणजे ते एकत्र करून फायबरवर पाठवणाऱ्या यंत्राला जोडायचे, हे रोजचं काम. नात सांगते, दोन क्वांटम कॉम्प्युटर फायबरने जोडायला जगभर धडपड चाललीय. त्यांचा सिग्नल ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असतो म्हणे. ५ गिगाहर्ट्‌झ तर आमच्या घरातली फ्रीक्वेन्सी. मग अवघड काय आहे?

प्रतिसाद १
काका, मी युरोपात अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळेत पीएचडी करतेय, नेमकं यावरच.

तुमच्या मक्समध्ये सिग्नल आधी वाचला जातो, मग लेझर तो नव्याने पाठवतो. क्युबिटची, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या एककाची, अवस्था वाचली की मोडते. तिची हुबेहूब प्रतही काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झालं. म्हणून ती अवस्था वाहणारा एकच फोटॉन (मायक्रोवेव्हचा किंवा प्रकाशाचा सर्वात छोटा कण) न वाचता ५ गिगाहर्ट्‌झवरून १९३ टेराहर्ट्‌झवर चढवायचा. म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाच्या फ्रीक्वेन्सीवर, जवळजवळ ४०,००० पट!

तुमचा अपकन्व्हर्टर आठवा: मिक्सरमध्ये सिग्नल लोकल ऑसिलेटरच्या स्थिर लहरीत मिसळून वरच्या फ्रीक्वेन्सीवर नेणारा. इथे मिक्सर म्हणजे लिथियम नायोबेटचा स्फटिक आणि लोकल ऑसिलेटर म्हणजे लेझर. सगळी रडकथा त्या लेझरची. आमच्या फ्रीजची तळाची थाळी १० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर असते, तिथे काही मायक्रोवॅट उष्णताही जड जाते. लेझर लावला की थर्मामीटर चढतो, आणि त्या उष्णतेतून मायक्रोवेव्ह फोटॉन निघतात. खरा कुठला नि उष्णतेचा कुठला, ओळखायचं कसं? म्हणून क्षणभर लेझर द्यायचा आणि थंड होईतो थांबायचं. माझ्या रात्री यातच जातात.

प्रश्नकर्ता
लोकल ऑसिलेटर म्हणालीस आणि डोक्यात उजेड पडला, पोरी. पण मग वेव्हगाइडच, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहून नेणारी धातूची नळीच, थंड करून का नेत नाहीत?

प्रतिसाद १
नेलाय की! झुरिकमध्ये ३० मीटर लांबीचा, सगळा थंड ठेवून. २०२३ मध्ये त्यावर बेल कसोटीही झाली, म्हणजे दोन टोकांमधलं नातं खरंच क्वांटम आहे का याची तपासणी. पण गावाबाहेर कसा नेणार? साध्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झला उष्णतेचेच हजारभर फोटॉन असतात. प्रकाशाच्या फ्रीक्वेन्सीला जवळपास शून्य, म्हणून फायबर उन्हात पडली तरी चालते.

प्रतिसाद २
भर घालतो. अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटाने २०१८ मध्ये थरथरणाऱ्या पातळ पडद्यातून ४७ टक्के रूपांतर साधलं, पण सोबत ३८ फोटॉनांइतका गोंगाट आला. गोंगाट एका फोटॉनच्या बराच खाली हवा. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात मायक्रोवेव्ह आणि प्रकाश यांचं एन्टँगलमेंट, म्हणजे दोघांच्या अवस्था एकमेकींत गुंतणं, दाखवलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. अशी जोडी हाती असली की टेलिपोर्टेशनने, म्हणजे ती जोडी आणि एक साधा संदेश वापरून, अवस्था पलीकडे नेता येते, फोटॉन स्वतः चढवायची गरजच नाही.

प्रश्नकर्ता
नात शेजारी बसून वाचतेय. विचारते, त्या फ्रीजचा फोटो टाकशील का?