कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी पाहावा?

प्रश्न: स्टीग लार्सन यांच्या २००५ च्या स्वीडिश कादंबरीवरून नील्स आर्डेन ओप्लेव्ह यांनी २००९ मध्ये केलेला ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या वाचक मंडळात दाखवायचा आहे. सभासदांनी कादंबरी आधी वाचावी का?

उत्तर १: अवश्य वाचावी. अनेक वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या हॅरिएटच्या वहीतील नावे आणि आकडे बायबलमधील वचनांकडे बोट दाखवतात, हे कादंबरीत तिचा शोध घेणाऱ्या पत्रकार मिकाएलच्या मुलीच्या सहज बोलण्यातून उलगडते; चित्रपटात तोच दुवा हॅकर तरुणी लिस्बेथ त्याला ईमेलने कळवते आणि कथेचे पारडे तिथेच तिच्या बाजूला झुकते.

उत्तर २: माझे मत उलट आहे, रहस्य आधीच कळले, तर पाहण्यात राम उरत नाही. अत्याचाराची दृश्ये मात्र अंगावर येतात, तेव्हा मुलांना आणू नये.

प्रश्नकर्ता: मग चित्रपटच आधी ठेवतो, एवढी जाडजूड कादंबरी निम्म्या सभासदांनी एरवीही उघडली नसती.