मदत हवी आहे: १.२ मीटर डिशला फीड (डिशच्या फोकसवर बसणारा छोटा अँटेना) कसा बसवू?
मंडळी, सांगली-मिरज ५.८ गिगाहर्ट्झ वायरलेस लिंकसाठी भंगारातून प्राइम फोकस डिश (फीड बरोबर मधोमध समोर असतो ती) मिळालीय, व्यास १२० सेंमी, खोली २०, म्हणजे फोकस ४५ वर आणि एफ बाय डी (फोकसचं अंतर भागिले व्यास) ०.३७५. तयार १५ डीबीचा हॉर्न (भोंग्यासारखा फीड) लावून बघितला पण गेन, म्हणजे डिशमुळे मिळणारी सिग्नलची वाढ, फारच कमी, कारण उघड आहे, फोकसवरून डिशची कड ६७ अंशांवर पडते आणि हॉर्नचा बीम तेवढा पसरतच नाही, बाहेरचा पत्रा नुसता शोभेला. आता त्याऐवजी फीडसाठी आतून ३६ मिमीचा पितळी पाइप घेतलाय, कुपवाडला लेथवर चोक रिंग (पाइपच्या तोंडाभोवती बसणारी, बीमला आकार देणारी खाचेची रिंग) करून मिळेल, सरकती, स्क्रूने आवळायची. व्हीएनए (अँटेनाचं मॅचिंग मोजायचं यंत्र) नाही, फक्त सिग्नल मीटर. लाइन ऑफ साइट क्लिअर आहे, अलाइनमेंट पण तपासलंय. तर रिंग पाइपच्या तोंडापासून किती मागे ठेवून सुरुवात करू, आणि फोकस नेमका तोंडावर धरायचा का जरा आत?