१२ वर्षांचे रॉ फोटो ठेवायचे कशात? डीएनजी, टिफ की आहे तसेच?

बारव_वेडा (परभणी):

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मागच्या १२ वर्षांपासून सुट्टी मिळाली की गाडीला किक मारायची अन् मराठवाड्यातल्या बारवा, पडकी देवळं, वीरगळी बघत हिंडायचं, हा माझा धंदा (पैसे एक रुपया मिळत नाही, घरी विचारा). चारठाण्याची बारव, वालूरची ती गोल गोल उतरत जाणारी, होट्टलचं सिद्धेश्वर, औंढा, असं करत करत ६१ हजार फोटो झालेत आणि सगळे रॉ मध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा तसाच ठेवणारी फाईल). कारण बारवेत दुपारी उतरलं की वर ऊन डोळे दिपवणारं आणि खाली कोनाड्यात मिट्ट काळोख, जेपेग काढली की एकतर आभाळ पांढरंफटक नाहीतर कोनाड्यातला देव गायब.

आता गोची अशी की प्रत्येक कंपनीची रॉ फाईल वेगळी. पहिला कॅमेरा नायकॉन डी५२००, त्याच्या एनईएफ. मग कॅनन ८०डी, त्याच्या सीआर२. आता आर५० घेतला तर सीआर३. शिवाय मोबाईलवर काढलेल्या डीएनजी (ॲडोबीचा खुला रॉ प्रकार) वेगळ्याच. परवा जुन्या लॅपटॉपवर सीआर३ उघडायला गेलो तर सॉफ्टवेअर म्हणतंय ही फाईल ओळखत नाही. मंग डोक्यात किडा घुसला, आणखी २० वर्षांनी माझ्या एनईएफ कोण उघडून देणार? एक मित्र म्हणतो सगळं डीएनजी कर अन् मूळ फायली उडव. दुसरा म्हणतो टिफ (तयार चित्राची मोठी फाईल) कर, टिफ कुठंबी उघडते. तुम्ही लोक काय करायलाव?

आणि हो, सध्या सगळं ४ टीबीच्या एकाच हार्डडिस्कवर आहे. शिव्या नंतर द्या.

फोकस_लातूर:

दादा आम्ही लग्नवाले, आमचं गणित सोपं. अल्बम दिला, पार्टीनं उरलेले पैसे दिले की सहा महिन्यांनी रॉ साफ, जेपेग तेवढ्या ठेवतो. पैसे नाही दिले तर रॉ बी राहते अन् भांडण बी राहतं 😄 पण तुमचं काम वेगळं आहे. लग्न काय, पुढच्या वर्षी दुसरं येतं. बारव ढासळली की ढासळली. तुम्ही काही डिलीट करू नका एवढंच सांगतो, फॉरमॅटचं जाणकार सांगतील.

जुनी_खडकी (छ. संभाजीनगर):

शिव्या नंतर द्या म्हणालात म्हणून नंतर देतो, आधी टिफचं बघू.

रॉच्या मुख्य डेटात तयार चित्र नसतंच, हे आधी लक्षात घ्या. सेन्सरवर लाल हिरवा निळा असे चौकटीचे फिल्टर असतात (बायर पॅटर्न, कोडॅकच्या ब्राइस बायरचं १९७६ चं पेटंट), प्रत्येक पिक्सेलला तिन्हीपैकी एकच रंग कळतो, बाकीचे दोन सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून हिशोब करून भरतं. टिफ केली की तो हिशोब त्या दिवशीच्या सॉफ्टवेअरनं करून टाकला, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल) बी आत शिजला. कच्चं पीठ होतं त्याची भाकरी झाली, आता भाकरीचं परत पीठ होत नाही. उद्या चांगलं सॉफ्टवेअर आलं तर त्याला द्यायला पीठ पाहिजे. मी २०१३ च्या माझ्या वेरूळच्या रॉ मागच्या वर्षी परत डेव्हलप केल्या, अंधारातल्या भागात जो दाणा होता तो निम्म्याहून कमी झाला, फाईल तीच.

आणि साईज. २४ मेगापिक्सेल, तीन रंग, प्रत्येकाला २ बाईट, म्हणजे एक १६ बिट टिफ साधारण १४४ एमबी. तुमचे ६१ हजार गुणिले करा, पावणेनऊ टीबी होतंय. आत्ता दीड टीबीत बसलेलं आहे ते. टिफ फक्त छापायला द्यायच्या निवडक फोटोंची करावी, सगळ्याची केली तर घर विकावं लागंल.

डीएनजीचं म्हणाल तर माझं मत डीएनजीच्या बाजूनं. ॲडोबीनं २००४ मध्ये आणली, टिफच्याच कुळातली, तिची रचना कशी आहे हे उघड छापलेलं आहे, कुणीबी फुकटात वापरू शकतो. एनईएफ, सीआर३ ची रचना कंपन्या सांगत नाहीत, लोकांनी उलगडून काढलेली आहे. २००५ मध्ये नायकॉननं डी२एक्स कॅमेऱ्याच्या फायलीत व्हाइट बॅलन्सचा डेटा कुलूपबंद केला होता, तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. सीआर३ २०१८ ला कॅननच्या एम५० कॅमेऱ्यासोबत आली तर फुकटवाल्या सॉफ्टवेअरांना ती नीट वाचायला वर्षं लागली. तुमच्या लॅपटॉपचं दुखणं तेच.

काळा_दगड (उदगीर):

खडकीकर बाकी सगळं बरोबर पण डीएनजी करून मूळ फायली उडवा असं कुणी सांगत असंल तर मी आडवा पडतो.

एक, डीएनजी केल्यावर कॅमेऱ्यानं लिहिलेला सगळाच खासगी मजकूर नीट उतरतो असं नाही, फोकस कुठं होता वगैरे. आणि कॅननचं डीपीपी, नायकॉनचं एनएक्स स्टुडिओ ही कंपनीची फुकट सॉफ्टवेअरं अशी बदललेली डीएनजी उघडत नाहीत. परतीचा रस्ता बंद. मूळ रॉ डीएनजीच्या पोटात घालायची सोय आहे, पण मग फाईल जवळपास दुप्पट होते.

दोन, हे कुणी बोलत नाही. लाइटरूममध्ये (ॲडोबीचं फोटो सॉफ्टवेअर) बदल फायलीत लिहायची सेटिंग चालू असली आणि फाईल डीएनजी असली की तुमचे स्टार, कीवर्ड, बदल फायलीच्या आतच लिहिले जातात. म्हणजे तुम्ही नुसता एक स्टार दिला की २५ एमबीची अख्खी फाईल बदलली, बॅकअपला ती परत पूर्ण कॉपी करावी लागते, आणि जुना चेकसम (फायलीच्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही मग फाईल बिघडली की तुम्हीच बदलली हे कळेना. मूळ रॉ असली की बदल शेजारच्या एक्सएमपी फायलीत जातात, काही केबी, रॉला हातच लागत नाही. (नाव बदलताना दोन्हीची जोडी फुटू देऊ नका. मी फोडली होती. ३ महिन्यांचं कीवर्डचं काम गेलं.)

तीन. आमच्या शेजारच्या गावातली एक वीरगळ रातोरात गेली. तक्रार द्यायची तर फोटो माझ्याकडंच होता. कॅमेऱ्यातून निघाली तशीच, तारीख वेळेसकट, बिनहाताळलेली फाईल दाखवता आली. बदललेली फाईल दाखवली असती तर समोरच्यानं शंभर प्रश्न विचारले असते. तुमचं कामच असलं आहे, म्हणून मूळ ठेवा.

जुनी_खडकी (छ. संभाजीनगर):

वीरगळीचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण चेकसमचं अर्धंच सांगितलं तुम्ही. डीएनजीत नुसत्या चित्राच्या डेटाचा वेगळा चेकसम आतच असतो, कितीबी स्टार द्या तो बदलत नाही, लाइटरूममधून तपासता येतो. एनईएफला ही सोय नाही, बाहेरून करावी लागते.

मग असं करा ना, मूळ फायली आहेत तशा, आणि शिवाय डीएनजीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. दीड टीबीच तर आहे. ॲडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीला. फक्त सेटिंगमध्ये लॉसी (थोडा डेटा टाकून फाईल लहान करणारं) आणि लिनियर (रंगांचा हिशोब आधीच करून टाकणारं) यांच्यावरची टिक काढून टाका, लिनियर केली की ती बी भाकरीच. मोबाईलच्या डीएनजीला काही करू नका, त्या आहेत तशा.

आता शिव्या. एकच डिस्क??? परभणीच्या मे महिन्यात??? फॉरमॅटची काळजी २० वर्षांनंतरची आहे, डिस्कची उद्याची. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक दुसऱ्या गावात. पाहुण्याच्या घरी ठेवली तरी चालंल, वर्षातून एकदा दिवाळीला जाताच की.

फोकस_लातूर:

आणि कॉपी करताना इन्व्हर्टर चालू आहे का बघा. आमच्याकडं कॉपी चालू असताना लाईट गेली, फोल्डरमध्ये फायलींची नावं सगळी दिसायली, साईज बी दिसायली, उघडलं तर अर्ध्याला खाली राखाडी पट्टा. तवापासून टेराकॉपी नावाच्या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरनं टाकतो, व्हेरिफाय करून.

बारव_वेडा (परभणी):

मंडळी उशिरा लिहायलोय, मधी सोयाबीनची गडबड होती. दोन डिस्का घेतल्या. मूळ फायली एकीवर व्हेरिफाय करून टाकल्या, ती बहिणीकडं नांदेडला गेली. दुसरीवर डीएनजीची प्रत, कन्व्हर्टर रोज रात्री लावून झोपायचो, पाच रात्री लागल्या, दोनदा लाईट गेली.

पण खरी गंमत पुढं आहे. कन्व्हर्टरनं १४ फायली करायला नकार दिला. सगळ्या २०१५ च्या एकाच फोल्डरच्या. उघडून बघितल्या तर तोच राखाडी पट्टा जो फोकस दादांनी सांगितला. नऊ वर्षं डिस्कवर मरून पडलेल्या आणि मला पत्ता नाही, कारण छोटं चित्र (कॅमेरा रॉच्या आत वेगळी जेपेग घालतो ते) बरोबर दिसायचं. डीएनजी करायला घेतल्या नसत्या तर अजून नऊ वर्षं कळलं नसतं. मग जुनी कार्डं शोधली, कपाटातल्या पेढ्याच्या डब्यात एक निघालं, चक्क फॉरमॅट न केलेलं, त्यातून ९ मिळाल्या, औंढ्याच्या.

उरलेल्या ५ मेहुण्याच्या साखरपुड्याच्या होत्या. त्या गेल्या. घरी अजून सांगितलं नाही, इथं कुणी ओळखीचं असंल तर गप बसा.

काळा_दगड (उदगीर):

😂😂 त्याच्या जेपेग फोकस दादाकडं असतील बघा, पैसे दिले नसतील तर रॉ बी.