‘सामासिक अंतर’, ‘मोकळी जागा’, ‘सुविधा क्षेत्र’ : एकच की वेगवेगळं?

विचारणा : आमच्या सोसायटीच्या मंजूर नकाशात हे तिन्ही शब्द आहेत. प्रत्यक्षात तिन्ही जागा रिकाम्याच दिसतात. मग शब्द तीन कशाला? आणि ‘सामासिक’ हे ‘सामायिक’चं चुकून छापलेलं रूप आहे का?

उत्तर : चुकून नाही. पण खूप जण ‘सामायिक’ असंच वाचतात, आणि गाड्या लावण्याचे निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. मी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशामंजुरीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेची वही आठवा. पानाच्या डाव्या बाजूला तांबडी उभी रेघ, आणि बाई सांगायच्या, “समास सोडून लिहा.” तोच हा समास. व्याकरणातल्या द्वंद्व-तत्पुरुषाशी इथे संबंध नाही. भूखंड म्हणजे पान, इमारत म्हणजे मजकूर, आणि हद्दीपासून भिंतीपर्यंत चारही बाजूंनी सोडलेली पट्टी म्हणजे समास. आम्ही दिवसभर ‘फ्रंट मार्जिन, साइड मार्जिन’ म्हणतो, कागदावर ‘सामासिक अंतर’ लिहितो. इमारतीची उंची वाढली की हे अंतरही वाढतं, कारण ते उजेड-वाऱ्यासाठी आणि अग्निशमनाचा बंब फिरण्यासाठी असतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच सोसायटीच्या बैठकीत बाजूच्या पट्टीत दुचाक्यांसाठी शेड घालायचा विषय निघाला. “मोकळीच तर आहे,” असं सगळे म्हणत होते. मी आणि शेजारच्या काकूंनी खाली जाऊन टेप धरली. भिंतीपासून कंपाउंडपर्यंत सहा मीटर. दुचाक्यांची रांग लागल्यावर साडेतीन. कोपऱ्यावर बंब वळणार कसा, एवढंच काकूंनी विचारलं. विषय तिथे थांबला.

‘मोकळी जागा’ ही वेगळी. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यात लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा, म्हणजे एकराला किंचित कमी, लेआउट, म्हणजे रस्ते-भूखंड-इमारतींची आखणी, केला की १० टक्के जागा करमणुकीसाठी सोडावी लागते. त्यात आतले रस्ते धरायचे नाहीत. ऑफिसात तिचं नावच ‘टेन पर्सेंट’ पडलंय. ती तिथे राहणाऱ्यांची असते, बिल्डरला परस्पर विकता येत नाही.

‘सुविधा क्षेत्र’ म्हणजे वर्तमानपत्रातली ‘ॲमेनिटी स्पेस’. मोठ्या लेआउटमध्ये शाळा, दवाखाना, बाग अशा गोष्टींसाठी काढून ठेवलेला तुकडा. तो सोसायटीच्या अंगणाचा भाग नसतो. महापालिकेकडे आलेल्या अशा जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याच्या प्रस्तावावरून २०२१ साली पुण्यात मोठा वाद झाला, तो याच जागांचा.

विचारणा : मग ‘मोकळी’ऐवजी ‘खुली जागा’ म्हटलं तर गोंधळ कमी होईल का?

उत्तर : मला वाटतं, वाढेल. ‘खुलं’ म्हटलं की कोणालाही यायला मुभा आहे असा अर्थ येतो : खुलं अधिवेशन, खुला प्रवर्ग, सर्वांसाठी खुलं. ‘मोकळं’ म्हणजे अडवलेलं नाही, भरलेलं नाही : मोकळे केस, मोकळा वेळ, मोकळा श्वास. सोसायटीतली दहा टक्के जागा मोकळी असते, पण रस्त्यावरच्या माणसाला खुली नसते. सार्वजनिक बाग खुली असते, मग ती गर्दीने कितीही भरलेली असो. दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत, तर वेगळे वापरावेत. ‘मोकळी’चा एक तोटा मात्र आहे. ‘रिकामी, कशाचीच नाही’ असा अर्थ लोक काढतात आणि तिथे काहीतरी आणून ठेवतात. म्हणून पूर्ण ‘करमणुकीची मोकळी जागा’ लिहावं, लांब वाटलं तरी.

विचारणा : आणि ‘पादचारी क्षेत्र’, ‘पदपथ’? दोन्ही आमच्याच नकाशात आहेत.

उत्तर : पदपथ म्हणजे फुटपाथ, रस्त्याच्या कडेचा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याची चालण्यासाठी निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, म्हणजे खांब, झाड, टपरी सोडून. ‘पादचारी’ हे माणसाचं नाव, म्हणून ‘पादचारी क्षेत्र’ म्हणजे जिथे चालणाऱ्याचा मान पहिला. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला वाहनं बंद ठेवून पादचारी दिन करतात, तेव्हा त्या दिवसापुरता तो रस्ता पादचारी क्षेत्र होतो. आवारातल्या बागेत चालायला केलेल्या वाटेला मात्र ‘पदपथ’ म्हणू नका. ‘पायवाट’ हा सोपा शब्द आहे.

नकाशाची प्रत फलकावर लावणार असाल तर ‘सामासिक अंतर’च्या शेजारी हाताने ‘वहीतला समास’ एवढं लिहा. आमच्याकडे काकूंनी लाल पेनाने लिहिलं, तेव्हापासून ‘सामायिक’ कोणी वाचत नाही.